ठिणगीचा इतिहास आणि मिस्त्रीचा कान



इतिहासाच्या व्याख्यानास येताना आपण बहुधा गडकोट, स्वाऱ्या आणि तहनामे ऐकण्याच्या तयारीने येता. मी इतिहासाचा पदवीधर नाही. माझी शाळा नववीला सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते प्रथम आपल्या नेर परसोपंतच्या एका रस्त्याकडेच्या गॅरेजात आणि नंतर वाचनालयात व युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा माझ्या वाट्याचा इतिहास हा राजांचा नसून एका ठिणगीचा आहे. ती ठिणगी चुकली म्हणजे काय होते आणि त्याचा दोष कोणाच्या माथी बसतो, हे आज सांगावयाचे आहे.

गोष्ट १९८८ सालची. मी गॅरेजात पोऱ्या होतो. उन्हाळ्यातील एका संध्याकाळी अमरावतीकडून एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार धक्के खात आली. दोन माणसांची बैठक, वर टप नाही, चार सिलिंडरांचे इंजिन. गाडी 'मिसिंग' मारीत होती, म्हणजे इंजिनाचा ठोका चुकत होता. मालक संतापलेले होते. एका मोठ्या शहरात त्यांनी प्लग बदलले होते, कॉइल बदलली होती, पैसे मोजले होते; दोष तसाच होता. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला होता की चालकाने पेट्रोल विकून टाकीत रॉकेल भरले. बिचारा चालक मान खाली घालून उभा होता. त्याचा महिन्याचा पगार कापावयाचे ठरलेही होते.

आमचे मिस्त्री काही बोलले नाहीत. इंजिन मंद चालू ठेवून त्यांनी कान दिला. मग कोरडी फडकी हाताला गुंडाळून ते प्लगच्या वायरी एकेक करून काढू व लावू लागले. पहिली काढली, इंजिन खाली बसले. दुसरी काढली, तसेच झाले. तिसरी काढली, तर इंजिनाला पत्ताच नाही! चौथी काढताच पुन्हा बसले. म्हणजे तीन सिलिंडर राबत होते आणि तिसरा नुसता बसून होता. मिस्त्री मालकांस म्हणाले, "साहेब, पेट्रोलात भेसळ असती तर चारही जण बोंबलले असते. एकटा तिसराच कसा मुका राहील?"

एवढ्याने चालक सुटला. दोष मात्र अजून सापडावयाचा होता. मिस्त्रींनी तिसऱ्याचा प्लग दुसऱ्यास लावला. मुका राहिला तो तिसराच. वायरींची अदलाबदल केली, तरी तिसराच. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून मला इंजिन फिरविण्यास सांगितले. दाब उत्तम होता. याचा अर्थ प्लग निर्दोष, वायर निर्दोष, व्हॉल्व आणि पिस्टन निर्दोष. उरली वाटप करणारी टोपी, म्हणजे डेल्कोची कॅप. त्यांनी गाडी शेडमध्ये ढकलावयास लावली, दिवा विझविला आणि इंजिन चालू केले. अंधारात कॅपच्या अंगावर केसाएवढी निळी रेघ नाचताना आम्ही सर्वांनी पाहिली. तिसऱ्या वायरीच्या मुळाशी कॅपला चीर गेली होती. प्लगकडे जावयाची वीज त्या चिरेतून बाहेरच्या लोखंडी चापाकडे पळत होती.

नवी कॅप नेरमध्ये कोठून मिळणार? मिस्त्रींनी चिरेतला काजळीचा थर चाकूच्या टोकाने खरवडला, पेट्रोलने धुतला, वाळविला आणि जनरल स्टोअरमधून नखे रंगवावयाची बाटली आणवून चीर भरली. ती सुकल्यावर गाडी गुळगुळीत चालू लागली. मालकांनी मजुरी दिली, पण चालकाची क्षमा मागितल्याचे मला स्मरत नाही.

श्रोतेहो, आता या ठिणगीच्या पूर्वजांकडे वळू. फ्रान्समध्ये लेन्वार नावाच्या गृहस्थाने १८६० साली गॅसच्या इंजिनात विजेची ठिणगी वापरली. १८८६ मध्ये जर्मनीत कार्ल बेंझ यांनी मोटारगाडीचे पेटंट घेतले. पण ती गाडी लांबच्या रस्त्यावर चालते, हे सिद्ध केले त्यांच्या पत्नीने. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, शंभरावर किलोमीटर, निघाल्या. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या टाचणीने मोकळी केली. ठिणगीची वायर उघडी पडली तिला मोज्याच्या पट्ट्याचे वेष्टन दिले. जगातील रस्त्यावरची पहिली मोटारदुरुस्ती ही अशी एका बाईच्या हातची आहे. आमच्या मिस्त्रींच्या नखरंगाचे कूळ कोठवर पोहोचते ते आपण पाहिलेत.

पुढे १९०२ मध्ये बॉश यांच्या कारखान्यात होनोल्ड या इंजिनियराने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि प्लग सिद्ध केला. नंतर अमेरिकेत डेटन शहरी केटरिंग यांनी बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची जोडणी बसविली. ती १९१० च्या कॅडिलॅक गाडीत आली. त्यांनी १९०९ मध्ये स्थापिलेल्या कंपनीच्या नावाची आद्याक्षरे जोडून 'डेल्को' हा शब्द झाला. कंपनी कोणाची हे ठाऊक नसताना आमचे मिस्त्री लोक ठिणगी वाटणाऱ्या त्या डब्याला डेल्कोच म्हणत आले. ओहायोचा इतिहास नेरच्या तोंडी असा मुरला!

या डब्याचे काम किती नाजूक ते पाहा. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असेल तर दर फेऱ्यास दोन, म्हणजे सेकंदास १०० ठिणग्या पडाव्या लागतात. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये हजारो व्होल्ट होतात. पॉइंटचे अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. तिथे थोडा फरक पडला की ठोका चुकला.

ही विद्या महाराष्ट्रात रुजली ती सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या उद्योगामुळे. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी निघाली आणि मुंबईच्या कुर्ल्यात १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५४ मध्ये फियाट ११०० आली. तिच्याच वंशातील गाडीला १९७० नंतरच्या दशकात पद्मिनी हे नाव मिळाले. तिचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे. गंमत अशी की इटलीतील सिसिटालिया २०२ ही स्पोर्ट्स कार, जिला न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने १९५१ मध्ये प्रदर्शनात मांडले, तिचे इंजिनही फियाट ११०० च्याच घराण्यातले. श्रीमंताची शर्यतीची गाडी आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी यांचे हृदय एकाच कुळातले होते. ज्या मिस्त्रीने एकीची नाडी ओळखली तो दुसरीला अनोळखी नव्हता.

ते युग संपले. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. नव्या गाड्यांत डेल्को नाही. तिथे संगणक ठिणगी वाटतो आणि दोषाचा आकडाही सांगतो. मी यंत्राचा वैरी नाही. पण आकडा इतकेच सांगतो की तिसरा सिलिंडर चुकतो; का चुकतो, हे शोधण्यास अद्याप माणूस लागतो.

या माणसाचा हिशेब इतिहासाने काय केला? १९६१ मध्ये मोटार वाहतूक कामगारांचा कायदा झाला. जिथे पाच किंवा अधिक कामगार अशा वाहतूक धंद्यास तो लागू होता. चालक, वाहक, क्लीनर त्यात आले. कारखान्यातील कामगारांस १९४८ चा कारखाने कायदा होता. पण दोन पोऱ्यांच्या गॅरेजातला मिस्त्री वाहतुकीतही बसेना आणि कारखान्यातही. आमच्या मिस्त्रींचे डोळे अधू झाले तेव्हा त्यांच्यापाशी पेन्शन नव्हते, फंड नव्हता; होता तो फक्त कान. त्यांच्या अखेरच्या दिवसांतील औषधाचे पैसे आम्ही चार जुन्या पोऱ्यांनी वर्गणी काढून भरले. युनियनच्या कामाला मी लागलो त्याची कारणे दोन: त्या चालकाची खाली गेलेली मान आणि ही वर्गणी.

गेली तीस वर्षे मी चौकशांना बसतो. उत्पादन घटले की वरून प्रथम शब्द येतो तो 'कामचुकार'. अशा वेळी मी मिस्त्रींची रीत धरतो. एका वेळी एकच वायर काढावी, एकच गोष्ट बदलावी, दोष जागचा हलला की नाही ते पाहावे, आणि निर्दोष ठरला त्यास निर्दोष म्हणून मोकळे करावे. या रीतीने कित्येकदा चीर टोपीतच सापडली आहे. कधी आमच्या माणसाचाही दोष निघाला, तेव्हा तो आम्ही पदरात घेतला. रीत प्रामाणिक असेल तर ती दोन्ही बाजूंस सारखीच लागू पडते.

आपल्या गावाच्या रस्त्याकडेला अजून अशी दोन-चार गॅरेजे आहेत. उद्या आपली गाडी अडली तर मजुरीत घासाघीस करण्यापूर्वी तो माणूस क्षणभर कान देऊन काय ऐकतो, हे पाहावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.