मोटारीच्या दिव्याची कुळकथा

इतिहास सांगण्याचा अधिकार आमच्याकडे कसा आला, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. आमचे शाळेतील शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे झाले ते मालट्रकच्या केबिनमध्ये किन्नर म्हणून, आणि नंतर युनियनच्या कचेरीत व करवीर नगर वाचन मंदिराच्या बाकावर. राजेरजवाड्यांचा इतिहास सांगणारे या नगरीत पुष्कळ आहेत. आम्ही मोटारीच्या पुढल्या दिव्याचा सांगणार आहोत. कारण त्या दिव्याच्या मागे बसून ज्यांनी रात्री काढल्या, त्यांच्यात आमचा जन्म गेला.

आमच्या लहानपणी उसाच्या गाडीखाली, कण्याजवळ कंदील टांगलेला असे. त्या कंदिलाच्या उजेडात गाडीवानाला काही दिसत होते म्हणावे, तर तसे नाही. वाट बैलांना पाठ असे. तो कंदील, 'मी येथे आहे' एवढे दुसऱ्याला सांगण्यासाठी होता. मोटार आली आणि दिव्याचे काम उलटले. मोटारीला बैलांसारखे डोळे नाहीत. तिला स्वतःला पाहायचे असते. दिव्याचे भांडण येथूनच सुरू होते, कारण आपण पाहण्यासाठी जो उजेड टाकतो, तोच समोरच्याचे पाहणे बंद करतो.

पहिल्या मोटारींना तेलाचे आणि कार्बाइडचे दिवे असत. कार्बाइडवर वरच्या भांड्यातून थेंबथेंब पाणी पडायचे, त्यातून ॲसिटिलीन वायू निघायचा आणि तो जळायचा. वेल्डिंगच्या दुकानांतून तो वास पुढेही पुष्कळांनी घेतलेला आहे. १९१२ साली अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीवर विजेचा स्टार्टर व विजेचे दिवे एकत्र आले आणि मग विजेच्या दिव्याचेच राज्य झाले. आपल्या देशात मोटारींचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ चा, दुसरा १९३९ चा. या दोहोंच्या दरम्यान, १९२० नंतरच्या दशकात, एका बल्बमध्ये दोन तारा बसविण्याची युक्ती निघाली. एक तार लांब पाहण्यासाठी, दुसरी समोरून कोणी आल्यावर उजेड खाली वळविण्यासाठी. आपले ड्रायव्हर त्यांना 'अप्पर' आणि 'डिपर' म्हणतात. डिपरचे बटण पुष्कळ जुन्या गाड्यांत क्लचच्या डाव्या अंगाला, पायाखाली असे. 'यूज डिपर ॲट नाइट' ही ओळ मालट्रकच्या मागे रंगविलेली आपण सर्वांनी वाचली आहे. आम्हाला विचाराल तर सौजन्याचा एवढा मोठा जाहीरनामा या देशात दुसऱ्या कोणत्याही धंद्याने पाठीवर वाहिलेला नाही. तो पाळला किती गेला, हा प्रश्न निराळा.

१९६५ व १९७१ च्या युद्धांत दिव्याच्या काचेचा वरचा अर्धा भाग काळा रंगविण्यात आला, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पुढे शांततेच्या काळातही काचेवर काळा पट्टा नाही तर ठिपका लावण्याची चाल पुष्कळ वर्षे राहिली. गंमत अशी की, दोन तारांच्या बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. तिच्यामुळे उजेड परावर्तकाच्या फक्त वरच्या अर्ध्यावर पडतो आणि तेथून खाली रस्त्यावर उतरतो. म्हणजे वरची अर्धी काच काळी केली की, डिपरचा उपयोगी उजेडच मोठ्या प्रमाणात अडतो. युद्धात ते ठीक होते, घाटात नव्हे.

मग हॅलोजन आला. साध्या बल्बात तापलेल्या तारेचा धातू उडून काचेवर बसतो व काच काळवंडते. हॅलोजन वायू तो धातू परत तारेवर नेऊन सोडतो. युरोपात १९६२ साली एका तारेचा आणि १९७१ साली दोन तारांचा हॅलोजन बल्ब निघाला. जुना बल्ब ४५/४० वॅटचा, नवा ६०/५५ चा. पुढे आपल्याकडे बाजारात १००/९० चे बल्ब मिळू लागले. खोके तसेच, होल्डर तोच. काढा आणि लावा.

कोल्हापूरच्या माणसाला उजेडाचे वेड जुने. बाबुराव पेंटरांनी १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये कृत्रिम प्रकाशात चित्रण केले, ते याच गावात. तेव्हा १००/९० येथे खपला यात नवल नाही. परंतु त्या खपात आमचाही हात होता, आणि तेच सांगण्यासाठी आम्ही हा विषय घेतला.

१९९० नंतरची ती वर्षे. पुणे-बेळगाव रस्ता तेव्हा चौपदरी नव्हता. येणारी आणि जाणारी गाडी एकाच डांबरावर, तोंडासमोर. ड्रायव्हरांची तक्रार होती की रात्री काही दिसत नाही. आम्ही एका मालकाकडे मागणी नेली, 'दिवे सुधारा.' मालकाने आठ दिवसांत सगळ्या गाड्यांना १००/९० चे बल्ब आणून दिले. आम्ही सभेत तो विजय म्हणून सांगितला, टाळ्याही घेतल्या.

त्याच हंगामात आमच्या एका सभासदाची गाडी रात्री उसाच्या बैलगाडीवर मागून गेली. समोरून तसेच दिवे लावलेला दुसरा ट्रक आला होता. तो निघून गेल्यावर आमच्या माणसाला तीनएक सेकंद काही दिसले नाही. ताशी ६० किलोमीटरने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. तीन सेकंदांचे पन्नास मीटर झाले. बैलगाडीखाली कंदील नव्हता, मागे चकाकणारी पट्टी नव्हती. एक बैल जागीच गेला आणि गाडीवानाचा पाय कायमचा गेला. चौकशीत आमच्या माणसाच्या गाडीतही तेच बल्ब निघाले. मालक म्हणाला, ड्रायव्हरांनीच मागितले होते. ते खरे होते. मागणीच्या कागदावर सही आमची होती.

त्यानंतर आम्ही उद्यमनगरातल्या एका वायरमनला ती दुसरी एक गाडी दाखविली. त्याने बल्ब पाहिलाच नाही. होल्डरवर मीटर लावला. बॅटरीवर १२ व्होल्ट, होल्डरवर जेमतेम ११. तार बारीक, अर्थिंग गंजलेले, स्विच जळका. एवढ्या एका व्होल्टच्या तुटीने बल्बचा सुमारे चौथा हिस्सा उजेड नाहीसा होतो. उलट ६० च्या जागी १०० वॅट लावला की तारेतला प्रवाह पाचाऐवजी आठ अँपिअरच्या वर जातो, आणि तार तापते ती पावणेतीन पटीने. होल्डर वितळण्याच्या कथा त्यातल्याच. त्याने जाड तार ओढली, रिले बसविला, अर्थिंग घासले, परावर्तक बदलला आणि साधा ६०/५५ पुन्हा लावला. रात्री आम्ही फुलेवाडीच्या पुढे कळ्याच्या बाजूला गाडी नेऊन पाहिली. दिसत होते. मालकाला हे काम बल्बांपेक्षा महाग पडले असते, म्हणून त्याने बल्ब दिले होते. आणि आम्हाला फरक कळत नव्हता, म्हणून आम्ही ते घेतले होते.

आता एलईडीचे दिवस आहेत. कारखान्याने मुळात एलईडीसाठी घडविलेला दिवा ही एक गोष्ट. जुन्या हॅलोजनच्या वाटीत बाजारातली एलईडी खुपसणे ही दुसरी. तार जेथे असायची तेथे उजेडाचा उगम नसला, मिलिमीटरचा फरक पडला, तरी उजेड रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मागे बसणाऱ्याला मात्र वाटते, काय छान पांढरे दिसते! गगनबावड्याच्या धुक्यात तोच पांढरा उजेड भिंतीसारखा परत तोंडावर येतो, तेव्हा त्याला समजते.

कायद्याचे म्हणाल तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याची मनाई मालकाला उद्देशून आहे. १९८९ च्या केंद्रीय नियमांत दिव्याचा झोत कायम खाली वळलेला असावा, समोरच्याचे डोळे दिपवू नये, असे सांगितले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला दर फेरफारास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, ठेवली. कायद्यात शब्द 'मालक' आहे. रस्त्यावर रात्री अडविला जातो तो ड्रायव्हर, आणि खिशात हात घालतो तोही बहुधा तोच. तसेच १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम ठरविले; गुळाची गाडी गुजरातेत पोचविणाऱ्याला ते आठ तास कोठे संपतात हे विचारून पाहावे. सोळाव्या तासाला थकलेल्या डोळ्यांना कोणताही बल्ब पुरत नाही, म्हणून तो आणखी मोठा बल्ब मागतो. आम्ही ती मागणी त्या वेळी दिव्याची समजलो. ती निम्मी झोपेची होती.

महामार्ग चौपदरी झाला, दुभाजकात कण्हेरी लागल्या आणि समोरचा उजेड थोडा अडला. आतल्या रस्त्यांवर अजून डोळ्याला डोळा आहे. गळीत हंगामापूर्वी आम्ही दरवर्षी दोन कामे करतो. आमच्या सभासदांच्या गाड्या भिंतीसमोर उभ्या करून झोताची उंची पाहतो, आणि उसाच्या बैलगाड्यांना मागून तांबड्या पट्ट्या चिकटवितो. पट्ट्या चिकटविताना त्या गाडीवानाची आठवण होते. पहिल्या वर्षी तो स्वतः कुबडीवर आला होता. आमच्याशी काही बोलला नाही. पट्टीचे एक टोक मात्र त्याने धरून ठेवले.