चौथं भोक

डोडो म्हटलं की मॉरिशसचा नामशेष पक्षी आठवतो. अमेरिकेतल्या बोलिंगवाल्यांच्या बोलीत मात्र ‘डोडो’ म्हणजे लबाडीचा बॉल: नियमापेक्षा जड, किंवा एका अंगाला जास्त वजन असलेला. तो पकडणारा तराजू म्हणजे ‘डोडो स्केल’. (हे बोलिंग क्रिकेटमधलं नव्हे, मॉलमधल्या गुळगुळीत लेनवर दहा पिना पाडायचं.)

बॉल एका अंगाला झुकतो तो भोकांमुळे. बोटांसाठी तीन भोकं पाडली की त्या बाजूचा थोडा माल निघून जातो. सुरुवातीचे बॉल लिग्नम व्हायटी या लाकडाचे, पाण्यात बुडेल इतक्या जड. १९१४मध्ये ब्रन्सविक कंपनीने कडक रबराचा ‘मिनरलाइट’ आणला. पुढे कारखान्यांनी भोकांवर तोड काढली: जिथे ती पडणार, तिथेच आत एक जड ठोकळा बसवायचा. माल निघाला की हिशेब बरोबर.

पण बॉल विकला जातो कोरा. भोकं पाडतो दुकानातला कारागीर. त्याने ती ठोकळ्यापासून जरा सरकवली, की हवं त्या अंगाला वजन शिल्लक राहतं. बॉल पिनांपाशी जास्त वळावा म्हणून खेळाडू हेच मागू लागले.

मग मर्यादा आली. बॉल जास्तीत जास्त १६ पौंडांचा, म्हणजे २५६ औंसांचा. १० पौंडांवरच्या बॉलमध्ये वरच्या आणि खालच्या अर्ध्यात ३ औंसांपेक्षा जास्त फरक नको, डाव्या-उजव्या बाजूंत १ औंसापेक्षा जास्त नको. एक औंस म्हणजे जेमतेम २८ ग्रॅम. बॉल तराजूवर ठेवायचा, काटा स्थिर करायचा, बॉल अर्धा फिरवायचा. काटा किती हलतो त्यावरून फरक कळतो.

फरक जास्त निघाला तर? जड अंगाला चौथं भोक पाडायचं. त्यात बोट जात नाही, फक्त वजन कमी होतं. दुरुस्तीचा साधा, कायदेशीर उपाय.

१९९०च्या दशकात रिअ‍ॅक्टिव रेझिनचे बॉल आले, पोटात चित्रविचित्र आकारांचे गाभे घेऊन. आता दोन भोवरे आठवा. वजन सारखंच, पण एक पसरट, दुसरा निमुळता. दोघांचं फिरणं वेगळं. बॉलचंही तसंच: एकूण वजनापेक्षा ते आत कुठे पसरलंय, यावर त्याचं फिरणं ठरतं. चौथं भोक कुठे आणि किती खोल पाडायचं, याने तो पसारा बदलता येऊ लागला. दुरुस्तीचं भोक हत्यार झालं. डोडो स्केलला मात्र यातलं काही दिसत नव्हतं. ते थांबलेला बॉल तोलतं, फिरणारा नाही.

१ ऑगस्ट २०२०पासून युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसने नियम उलटवला. बाजूंच्या फरकाची मर्यादा १ औंसावरून ३ औंसांवर नेली आणि ज्यात बोट जात नाही अशा भोकावर बंदी घातली. तोलाची सूट वाढली आणि खरी करामत जिथे चालायची, ते दार बंद झालं.

याची किंमत मोजली ती आधीचा नियम पाळणाऱ्यांनीही. तराजूवर पास व्हावा म्हणून ज्यांनी चौथं भोक पाडलं होतं, त्यांचा बॉल त्याच भोकामुळे बाद ठरला. ते बुजवून घेतल्याशिवाय अधिकृत स्पर्धेत तो चालेना.