हिरड्याचें झाड आणि सरकारी दप्तर

जुन्नराहून पश्चिमेस निघून नाणेघाटाच्या माथ्यावर उभें राहिलें म्हणजे पायाखालीं सारें कोंकण पसरलेलें दिसतें. सातवाहनांच्या काळीं कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल याच वाटेनें देशावर चढत असे. सातवाहन राणीचा शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आजही तेथें आहे. समुद्राशीं या डोंगरी मुलखाचा संबंध असा दोन हजार वर्षांचा आहे. पण समुद्राकडून नेहमी संपत्तीच येते असें नाहीं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें आणि सह्याद्रि ओलांडून पुणें जिल्ह्यांत शिरलें. कोंकणांतील नारळी-पोफळीच्या बागा आणि कोळ्यांच्या होड्या यांची नासाडी साऱ्या महाराष्ट्रानें पाहिली. जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांच्या पश्चिम अंगास हिरड्याचीं झाडें उन्मळलीं आणि फळ मातीस मिळालें, तिकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

आमच्या घरांत हिरडा येतो तो त्रिफळाचूर्णाच्या पुडींतून. म्हणून त्यावर कोणाचा संसार चालत असेल हें आमच्या ध्यानांत येत नाहीं. आहुप्याच्या, भीमाशंकराच्या आसपासच्या डोंगरांत महादेव कोळी व इतर आदिवासी लोक पावसाळ्यांत भात, नागली, वरई पिकवितात. तें बहुतेक घरांतच सरतें. रोख पैसा दाखविणारें पीक म्हणजे हिरडा. बाठा धरण्यापूर्वीं कोंवळें फळ उतरवून उन्हांत वाळविलें म्हणजे त्याचा काळा बाळहिरडा होतो. औषधांस तो लागतो. कातडें कमावण्यास व रंगास हिरडा लागतो म्हणून इंग्रजी अमदानींत तो मुंबई बंदरांतून विलायतेस जात असे. उन्हाळ्यांत हिरडा विकावा आणि त्या पैशांत पावसाळ्याचें मीठ-मिरची, बी-बियाणें व मुलांचे कपडे भागवावे, असा तेथील घरांचा वर्षक्रम आहे. झाड पडलें म्हणजे एका सालचें फळ गेलें एवढेंच नव्हे; नवें झाड फळास येईपर्यंत पुढचीं कित्येक वर्षें गेलीं.

नुकसान झालें म्हणजे सरकारकडे दाद मागावी, हें ओघानेंच आलें. पण पंचनाम्याच्या वेळीं अडचण उभी राहिली. मदतीचे नियम पेरलेल्या पिकासाठीं आहेत, लावलेल्या फळबागेसाठीं आहेत, पडलेल्या घरासाठीं व दगावलेल्या गुरासाठीं आहेत. हिरडा कोणी पेरीत नाहीं. कांहीं झाडें मालकीच्या रानांत, कांहीं जंगलांत. बांधावर, खडकांत, उतारावर तीं आपोआप वाढलेलीं असतात. तेव्हां हें पीकही नव्हे आणि बागही नव्हे! गांवकऱ्यांनीं अर्ज केले, किसान सभेच्या झेंड्याखालीं मोर्चे काढले, उपोषणें केलीं. वर्षें लोटलीं, आणि अखेर राज्याच्या मंत्रिमंडळानें 'विशेष बाब' म्हणून या दोन तालुक्यांस मदत मंजूर केली. मदत मंजूर झाली याचा आम्हांस आनंद आहे. आमचा आक्षेप आहे तो 'विशेष बाब' या दोन शब्दांस.

हे शब्द कोठून आले हें पाहण्यास मागें जावें लागतें. अवर्षणांत साऱ्याची सूट व तगाई देण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. इंग्रजांनीं इंदापुरापासून जी जमीनमोजणी १८३६ सालीं नव्यानें सुरू केली, तिनें शेताच्या प्रत्येक तुकड्यास नंबर दिला आणि नंबरावर आकार बसविला. तेव्हांपासून सरकारच्या दृष्टीनें रयत म्हणजे नंबराचा धनी. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत पुण्याच्या सार्वजनिक सभेनें गांवोगांवची माहिती जमवून सरकारकडे रयतेची बाजू मांडली, तीही मुख्यतः याच धन्याची. पुढें १८८० सालच्या दुष्काळ कमिशनानंतर नियम झाले, १८८३ व १८८४ सालीं तगाईचे कायदे झाले. त्यांचाही पाया जमीनच. इकडे १८७८ च्या कायद्यानें जंगल सरकारच्या हातीं पक्कें झालें. डोंगरांतील माणसाचें भात एका दप्तरांत गेलें, रान दुसऱ्या दप्तरांत. त्याचा हिरडा कोणत्याच दप्तरांत त्याच्या नांवें चढला नाहीं.

ज्याची सरकारदरबारीं नोंद नाहीं, त्याची नोंद सावकाराच्या वहींत होते. आंबेगांवाच्या जांभोरी गांवचा होन्या भागोजी केंगले १८७३ च्या सुमारास सावकारांविरुद्ध उठला आणि १८७६ सालीं पकडला गेला. १८७५ च्या मे महिन्यांत सुपें येथें सुरू झालेले दंगे देशावरील कुणब्यांचे. पण दोहींच्या मुळाशीं दुखणें एकच होतें. मदत वेळेवर न आली म्हणजे मधलीं वर्षें कर्ज काढून ढकलावीं लागतात, ही गोष्ट तेव्हां जितकी खरी होती तितकीच आजही आहे.

खालच्या किनाऱ्यावरील कोळ्यांची स्थिति याहून फार निराळी नाहीं. होडी मोडली, जाळें फाटलें, तर नियमांत त्याला जागा आहे. कारण होडी दिसते, जाळें मोजतां येतें. पण २०१९ सालच्या क्यार व महा या वादळांनीं मासेमारीचे ऐन हंगामाचे दिवस बुडविले, त्यांचा हिशोब नेहमींच्या नियमांत बसला नाहीं. सरकारला वेगळी मदत जाहीर करावी लागली. समुद्र कोणी पेरीत नाहीं आणि हिरडाही कोणी पेरीत नाहीं. दोघांचाही संसार मात्र त्यावरच उभा आहे.

कोणी म्हणेल, रानांतलीं झाडें मोजावीं कशीं? हा प्रश्न आम्हांस खोटा वाटतो. १९७२ सालीं स्थापन झालेल्या आदिवासी विकास महामंडळानें हाच हिरडा वजन करून विकत घेतला आहे. विकत घेतांना जो तोलतां येतो, तो बुडाल्यावर मोजतां कां येऊं नये? शिवाय २००६ च्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपजावर आदिवासींची मालकी मान्य केली आहे. एका कायद्यानें ज्याला मालक म्हणावयाचें, त्यालाच वादळानंतर नियमांबाहेरचा याचक ठरवावयाचें, हा न्याय नव्हे. ग्रामसभेनें आपल्या हद्दींतील झाडांची यादी करावी, तलाठ्यानें ती दप्तरीं घ्यावी आणि मदतीच्या नियमांत हिरड्याचें नांव घालावें. एवढ्यानें काम भागण्याजोगें आहे. उपकार म्हणून आलेली मदत उपाशी माणूस घेतोच. पण हक्क म्हणून आलेली मदत वेळेवर येते, आणि डोंगरांतल्या घराला तिच्या वेळेवर येण्याचेंच मोल अधिक आहे.