यंत्राचा फेरा, माणसाची जागा

ज्या धरणाविरुद्ध १९२१ सालीं मुळशीकरांनीं सत्याग्रह केला, त्याच्या पाण्यावर १९२७ पासून भिऱ्यास वीज होऊं लागली. ती मुंबईच्या गिरण्यांस मिळाली. कांहीं गिरण्यांत सूत कांतणाऱ्या ‘म्यूल’ यंत्राचा गाडा पुढेंमागें धांवे. गाडा आणि भिंत यांमध्यें मनुष्य चिरडला जाण्याचें भय असे. असल्या धोक्यासाठींच १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २५ व्या कलमानें मर्यादा घातली: माणसाच्या वाटेंत स्वयंचलित यंत्राचा सरकता भाग अचल बांधकामापासून १८ इंचांच्या आंत येऊं नये. तेवढी जागा माणसाच्या देहाची!

आज मुळशी तालुक्यांतच, पिरंगुटास, कारखाने आहेत. यंत्रमानव कोठेंहि उभा करा. त्याच्या हाताचा फेरा रोखणारा पोलादी अडसर तेंच तत्त्व सांगतो. यंत्रानें कोठवर पोहोंचावें, हें माणूस कोठें उभा आहे यावरून ठरावें.