पूर्ण अक्षरफलकाची आलेखी गणकयंत्रे : एका सीमारेषेचा इतिहास

गणकयंत्र कोणते आणि संगणक कोणता, हा प्रश्न वरवर पाहता तंत्रज्ञांचा वाटतो. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मात्र त्याचा व्यावहारिक निर्णय तंत्रज्ञांनी केला नाही; तो परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी केला. त्यांपैकी सर्वांत प्रभावी संस्थेने त्यासाठी जी कसोटी लावली ती यंत्राच्या गणनशक्तीची नव्हती, तर त्यावरील अक्षरे कोणत्या क्रमाने मांडली आहेत याची होती. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने १९९५ मध्ये बाजारात आणलेले टीआय-९२ हे यंत्र आणि त्याचे वंशज यांचा इतिहास म्हणजे या कसोटीचा इतिहास होय. तो गणिताच्या अध्यापकांनी बराच लिहिला आहे. लिपी आणि भाषा यांच्या अभ्यासकांनी त्याकडे फारसे लक्ष दिलेले दिसत नाही.

प्रारंभी हातातल्या गणकयंत्राला अक्षरांची गरजच नव्हती. ह्यूलेट-पॅकर्डच्या १९७२ च्या एचपी-३५ या यंत्रावर पस्तीस कळा होत्या, आणि त्यांवरील अक्षरे म्हणजे केवळ फलांची संक्षिप्त नावे होती. त्याच कंपनीच्या एचपी-४१सी या यंत्राने १९७९ मध्ये पडद्यावर अक्षरे उमटविण्याची सोय केली. एक विशिष्ट कळ दाबली की इतर कळांना अक्षरांचे दुय्यम मूल्य प्राप्त होई, आणि ती अक्षरे वर्णानुक्रमाने मांडलेली असत. तथापि या अक्षरांचे काम मर्यादित होते. कार्यक्रमांना नावे द्यावीत, वापरणाऱ्याला एखादी सूचना दाखवावी, एवढेच. कॅसिओच्या १९८५ च्या एफएक्स-७०००जी या यंत्राने ९६ बाय ६४ ठिपक्यांच्या पडद्यावर आलेख काढून दाखविला आणि आलेखी गणकयंत्रांचे युग सुरू केले. परंतु त्याच्याही लेखी ‘ए’ हे अक्षर म्हणजे एका कोठाराचे नाव होते. त्या कोठारात नेहमी कोणती तरी संख्या असे, निदान शून्य तरी. अक्षर उच्चारले की यंत्र लगेच संख्या पुढे करी. बीजगणितात ज्याला अज्ञात राशी म्हणतात ती या यंत्रांना ठाऊकच नव्हती.

हा अडसर १९८७ मध्ये दूर झाला. एचपी-२८सी हे पुस्तकासारखे उघडणारे यंत्र होते. त्याच्या उजव्या पानावर गणिताच्या कळा आणि डाव्या पानावर वर्णानुक्रमाने अक्षरे. या यंत्रात ‘क्ष’ला मूल्य दिले नाही तर तो ‘क्ष’च राहू शकत असे, आणि त्याच्यावर बैजिक क्रिया करता येत. अक्षराला स्वतःचे पान मिळावे आणि त्याच यंत्रात अक्षर चिन्ह म्हणून स्वतंत्र व्हावे, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. जोवर अक्षर हे संख्येचे उपनाम असते तोवर दोन-चार अक्षरांवर भागते. ते स्वतःच विचाराचा विषय झाले की सबंध वर्णमाला लागते.

दरम्यान होनोलुलू येथे दुसरा एक प्रवाह वाहत होता. अल्बर्ट रिच आणि हवाई विद्यापीठातील गणितज्ञ डेव्हिड स्टाउटमायर या दोघांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस म्यूमॅथ हा बीजगणिताचा कार्यक्रम त्या काळच्या लहान संगणकांसाठी रचला. मोठ्या संगणकांवर चालणाऱ्या अशा कार्यक्रमांना प्रचंड स्मृती लागे. या दोघांचे वैशिष्ट्य काटकसर हे होते. त्यांच्या सॉफ्ट वेअरहाउस या छोट्या कंपनीने १९८८ मध्ये डिराइव्ह प्रसिद्ध केला. तो ५१२ किलोबाइट स्मृतीच्या साध्या वैयक्तिक संगणकावर चाले. ऑस्ट्रियाने १९९१ मध्ये आपल्या माध्यमिक शाळांसाठी त्याचा सरसकट परवाना घेतला, यावरून या काटकसरीचे शैक्षणिक मूल्य ध्यानात येईल. इतक्या थोड्या जागेत मावणारे बीजगणित हातातल्या यंत्रातही मावू शकेल, हे ओघानेच आले.

टीआय-९२ मध्ये ते मावले. या यंत्राच्या रचनेत वरील दोघांचा प्रत्यक्ष सहभाग होता. त्याच्या जोडीला फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे झां-मारी लाबोर्द यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली काब्री ही भूमितीची प्रणालीही त्यात घातली होती. आत मोटोरोलाचा ६८००० हा संसाधक होता. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉश संगणकातही हाच संसाधक होता, आणि दोहोंची कार्यकारी स्मृती १२८ किलोबाइटचीच. म्हणजे दशकभरापूर्वी टेबलावर ठेवावा लागणारा संगणक आता चार पेन्सिल-सेलांवर चालू लागला होता. पडदा २४० बाय १२८ ठिपक्यांचा. त्यावर अपूर्णांक वर-खाली, घातांक खांद्यावर, वर्गमूळ आपल्या छपराखाली असे, म्हणजे वहीत लिहितात तसे, दिसत. यंत्र आडवे होते. ते दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी चालवावयाचे. आणि पडद्याखाली, टंकलेखनयंत्रावर असतात त्याच क्रमाने, सव्वीस अक्षरांच्या सव्वीस स्वतंत्र कळा.

हा क्रम मिलवॉकीच्या क्रिस्टोफर लॅथम शोल्स यांच्या टंकलेखनयंत्रातून आलेला. रेमिंग्टनने ते १८७४ मध्ये विक्रीस आणले, आणि वरच्या ओळीतील पहिल्या सहा अक्षरांवरून या क्रमाला ‘क्वर्टी’ हे नाव पडले. गणकयंत्राला त्याची गरज का भासावी? याचे उत्तर आज्ञांच्या स्वरूपात आहे. टीआय-९२ ला समीकरण सोडविण्यास सांगावयाचे तर ‘सॉल्व्ह’, अवयव पाडण्यास ‘फॅक्टर’, विस्तारास ‘एक्स्पांड’ असे इंग्रजी शब्द लिहावे लागत. याद्यांतून ते निवडता येत हे खरे. पण ज्याला सराव झाला तो टंकलेखनच करी. कार्यक्रम लिहिण्यासाठी आणि टिपणे ठेवण्यासाठी तर मजकूर-संपादकच दिलेला होता. यंत्राशी होणारा व्यवहार कळांचा न राहता वाक्यांचा झाला. पुढील आवृत्त्यांत फ्रेंच, जर्मन इत्यादी भाषा बसविण्याची सोय झाली ती याच स्थित्यंतराची परिणती होय. ज्या यंत्राला शब्द नाहीत त्याचे भाषांतर करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

या स्थित्यंतराचा एक परिणाम भाषाभ्यासकाला विशेष उद्बोधक वाटेल. बीजगणिताच्या लेखनपद्धतीत प्रत्येक राशीला एकच अक्षर असते आणि दोन अक्षरे शेजारी आली की गुणाकार समजावयाचा. नैसर्गिक भाषेच्या लेखनात नेमके उलट: शेजारी आलेली अक्षरे मिळून शब्द होतो. मराठी बीजगणितातच पाहा. अ आणि क्ष यांचा गुणाकार आपण ‘अक्ष’ असा लिहितो. गणिताचा विद्यार्थी तो ‘अ गुणिले क्ष’ असा वाचतो. पुस्तकाची पुढची ओळ वाचणारा तोच विद्यार्थी ‘अक्ष’ हा भूमितीतील शब्द म्हणून वाचतो. संदर्भावरून दोन्ही वाचने वेगळी ठेवण्याची त्याला सवय असते. टीआय-९२ ला ती नव्हती. त्यात राशीला आठ अक्षरांपर्यंत नाव देता येई, आणि म्हणून शेजारी लिहिलेली दोन अक्षरे म्हणजे एक नवे नाव असा अर्थ ते यंत्र करी. गुणाकार हवा तर मध्ये गुणाकाराचे चिन्ह देणे भाग होते. नाव अंकाने सुरू होऊ शकत नसल्यामुळे ‘२क्ष’ मात्र निर्वेधपणे गुणाकार ठरे. एका विद्यार्थ्याने सरळ रेषेचे समीकरण वहीतल्याप्रमाणे उतरविले की यंत्राला त्यात एक अपरिचित शब्द दिसे आणि रेषा उमटत नसे. ही यंत्राची उणीव म्हणावी का? वस्तुतः नाही. सबंध वर्णमाला हाती आल्यावर अक्षरे शब्दांकडे ओढली जाणारच. गणिताच्या लिपीत आणि भाषेच्या लिपीत असलेला जुना अबोला या यंत्राने प्रथमच शाळकरी मुलांच्या पुढ्यात आणून ठेवला, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

यंत्राचे भवितव्य मात्र या सूक्ष्म प्रश्नांनी ठरले नाही. अमेरिकेत महाविद्यालय-प्रवेशाशी निगडित असलेल्या सॅट आणि ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट या परीक्षा कॉलेज बोर्ड ही संस्था चालविते. सॅटमध्ये गणकयंत्राला १९९४ मध्ये प्रथम प्रवेश मिळाला. ॲडव्हान्स्ड प्लेसमेंटच्या कलनशास्त्राच्या परीक्षेत १९९५ पासून आलेखी गणकयंत्र आवश्यक ठरले. टीआय-९२ अवतरले ते या मुहूर्तावर. परंतु टंकलेखनयंत्रासारखा अक्षरफलक असलेली यंत्रे या परीक्षांना वर्ज्य ठरली. या बंदीचा हेतू समजण्यास कठीण नाही. कलनशास्त्राच्या परीक्षेत यंत्राची स्मृती पुसण्याची अट नव्हती. तेव्हा ज्याला भराभर मजकूर टंकता येतो तो गुप्त प्रश्न उतरवून बाहेर नेऊ शकेल, ही भीती स्वाभाविक होती. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, आक्षेप यंत्राच्या बीजगणिताला नव्हता. ते समीकरण सोडवू शकते, अवकलन-समाकलन करू शकते, याचे भय वाटले नाही. ते लिहू शकते याचे वाटले.

कंपनीने यातून काढलेला मार्ग असा: १९९८ मध्ये तिने टीआय-८९ हे उभे, एका हातात मावणारे यंत्र आणले. संसाधक तोच, बीजगणित तेच. पडदा लहान, १६० बाय १०० ठिपक्यांचा. आणि अक्षरे? क्ष, य यांसारख्या नेहमीच्या राशींना स्वतंत्र कळा ठेवून उरलेली अक्षरे इतर कळांच्या माथ्यावर, वर्णानुक्रमाने. शब्द लिहिता येई, पण सावकाश. हे यंत्र कॉलेज बोर्डाला मान्य झाले. त्याच सुमारास निघालेले टीआय-९२ प्लस, ज्याचे अंतरंग टीआय-८९ हून मूलतः वेगळे नव्हते, अमान्यच राहिले.

मराठी वाचकाच्या दृष्टीने यात एक गंमत आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य असा उच्चारस्थानांवरून लावलेला वर्णक्रम त्याच्या परिचयाचा असतो; त्या क्रमामागे काही शास्त्र आहे. रोमन वर्णमालेच्या क्रमामागे असे कोणतेही ध्वनिशास्त्र नाही, ती एक प्राचीन रूढी आहे. आणि टंकलेखनयंत्राचा क्रम ही तिच्यावर बसलेली दुसरी, एकोणिसाव्या शतकातील रूढी. दोन सारख्याच यादृच्छिक क्रमांपैकी एक निरुपद्रवी ठरला आणि दुसरा संशयास्पद, याचे कारण एवढेच की दुसऱ्याची बोटांना सवय होती. भाषिक चिन्ह यादृच्छिक असते, पण समाजाने ते स्वीकारले की त्याचे परिणाम यादृच्छिक राहत नाहीत, याचे इतके नेटके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

सीमारेषा सर्वत्र याच ठिकाणी ओढली गेली असेही नाही. अमेरिकेतीलच एसीटी या दुसऱ्या प्रवेशपरीक्षेने अंगभूत बीजगणित असलेली यंत्रेच निषिद्ध केली. त्यामुळे तेथे टीआय-८९ आणि टीआय-९२ दोन्ही बाहेर. अर्थात एकाच वर्षी दोन्ही परीक्षांना बसणाऱ्या विद्यार्थ्याचे टीआय-८९ एका दालनात गणकयंत्र होते आणि दुसऱ्या दालनात नव्हते. फ्रान्समध्ये नोव्हेंबर १९९९ च्या शासकीय परिपत्रकाने परीक्षेतील यंत्रासाठी आकारमानाची मर्यादा सांगितली: लांबी २१ सेंटिमीटर, रुंदी १५ सेंटिमीटर. बाकावर मावेल ते यंत्र, हा त्यातला व्यवहारी निकष. फ्रेंच टंकलेखनयंत्राचा क्रम ‘क्वर्टी’ नसून ‘अझर्टी’ असतो, तेव्हा अमेरिकन नियमाचे शब्दशः भाषांतर तेथे हास्यास्पदच झाले असते. टीआय-९२ चा शाळांतील सखोल अभ्यास फ्रान्समध्ये आणि ऑस्ट्रियात झाला तो अशा वातावरणात. मिशेल आर्तिग, ल्युक त्रुश आदी संशोधकांनी वर्गांतून जे पाहिले त्यातून, पियेर राबार्देल यांच्या विचारांच्या आधारे, एक महत्त्वाचा सिद्धान्त पुढे आला: हाती दिलेली वस्तू आपोआप साधन होत नाही; वापरणारा तिला हळूहळू साधन बनवितो, आणि त्या प्रक्रियेत त्याचा स्वतःचा विचारही घडतो. वर सांगितलेला गुणाकाराचा घोटाळा या प्रक्रियेतीलच एक टप्पा होय.

पुढील कथा थोडक्यात सांगता येईल. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने १९९९ मध्ये सॉफ्ट वेअरहाउस विकत घेतले. २००२ मध्ये व्हॉयेज २०० हे अधिक सुबक, अधिक स्मृतीचे, परंतु त्याच अक्षरफलकाचे यंत्र निघाले. या घराण्यातील ते शेवटचे. कॅसिओने २००३ च्या क्लासपॅड ३०० मध्ये अक्षरफलक काचेवर चित्ररूपाने उमटविला. २००७ मध्ये डिराइव्हची विक्री थांबली आणि टीआय-एनस्पायर आले. या यंत्रात प्रत्येक अक्षराला पुन्हा स्वतःची कळ मिळाली, पण त्या कळा वर्णानुक्रमाने, अंकांच्या मधल्या फटींतून पेरलेल्या होत्या. तीन वर्षांनी कळफलक बदलला आणि अक्षरे एकत्र, खालच्या बाजूस आली. क्रम मात्र वर्णमालेचाच राहिला. जागा होती, तंत्र होते, सवयही जगभर होती. नव्हती ती परवानगी. व्हॉयेज २०० चे उत्पादन २०१३ च्या सुमारास बंद झाले.

त्यानंतर सॅट परीक्षा कागदावरून संगणकावर गेली. अमेरिकेत हे २०२४ च्या वसंतात घडले. आता परीक्षार्थी पूर्ण अक्षरफलकाच्या संगणकासमोर बसतो, आणि डेस्मॉस हे आलेखी गणकयंत्र त्याच पडद्यावर परीक्षेचा भाग म्हणून उघडते. प्रश्न उतरवून नेण्याची भीती यंत्रणेनेच अन्य मार्गांनी हाताळली आहे. स्वतःचे यंत्र नेण्याची मुभा उरली. पण ऑगस्ट २०२५ पासून अंगभूत बीजगणित असलेली यंत्रे सॅटला वर्ज्य झाली, आणि सत्तावीस वर्षांपूर्वी ज्या टीआय-८९ ने वर्णमालेच्या आश्रयाने प्रवेश मिळविला होता, त्यालाही दार बंद झाले.