छिन्नी, चावी आणि पातं : युद्धातल्या डब्याची कुळकथा

१८२४ साली विल्यम एडवर्ड पॅरी आर्क्टिकच्या मोहिमेवर निघाला, तेव्हा त्याच्या जहाजांवर भाजलेल्या वासराच्या मांसाचे पत्र्याचे डबे होते. डबा उघडायचा कसा, ही सूचना डब्यावरच दिली होती : वरून कडेकडेने छिन्नी आणि हातोडीने कापावा. त्यातला एक डबा न उघडताच इंग्लंडला परतला आणि १९३८ मध्ये फोडला गेला. शंभरी ओलांडलेलं ते मांस उंदरांना खाऊ घातलं. उंदीर ठणठणीत राहिले.

अन्न टिकवण्याची युक्ती फ्रेंच माणसाची, डबा मात्र इंग्रजांचा. निकोला आपेर हा मिठाईवाला काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, घट्ट बूच लावून त्या उकळत असे. सैन्याला रसद पुरवताना जेरीस आलेल्या फ्रेंच सरकारने १८१० मध्ये त्याला १२,००० फ्रँक दिले. अट एवढीच, की पद्धत जगजाहीर करायची. त्याच वर्षी लंडनमध्ये पीटर ड्युरँडने पेटंट घेतलं. त्यात काचेच्या जोडीला कल्हईच्या पत्र्याचीही सोय होती. हे पेटंट विकत घेऊन ब्रायन डॉन्किन आणि जॉन हॉल यांनी बर्मंडसीला कारखाना काढला आणि १८१३ पासून त्यांचे डबे ब्रिटिश आरमाराकडे जाऊ लागले. उकळलेलं अन्न नासत का नाही, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याचं उत्तर पाश्चरने दिलं, तेही अर्धशतकानंतर.

सुरुवातीचा डबा हे अस्सल हातकाम होतं. कारागीर पत्रा कापून वळवायचा आणि उभ्या जोडाला डाख द्यायचा. वरच्या झाकणाला मोठं भोक ठेवलेलं असे. त्यातून मांस भरलं, की भोकावर चकती डाखायची. चकतीच्या मधोमध सुईएवढं छिद्र असे, कारण उकळताना वाफ निघून जायला हवी. शेवटी त्या छिद्रावर डाखाचा एक थेंब टाकला की डबा बंद. झाकणावरचा हा टपोरा थेंब आणि चकतीची गोल कड ही आजच्या संग्राहकाची पहिली खूण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत झाकणाची कड दुहेरी दुमडून डाखाविना डबा बंद करण्याची रीत रुळू लागली. पहिल्या महायुद्धात दोन्ही तऱ्हेचे डबे खंदकांत पोचले.

डबा आला, पण तो उघडायचं साधन यायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. तोवर सैनिकाची संगीन होतीच! अमेरिकेत एझ्रा वॉर्नरने १८५८ मध्ये ओपनरचं पेटंट घेतलं. १८६६ मध्ये चावीचा डबा आला : पत्र्याची पट्टी चावीच्या फटीत अडकवायची आणि गुंडाळत न्यायची. १८७५ मध्ये शिकागोच्या विल्यम विल्सनने निमुळत्या डब्याचं पेटंट मिळवलं. रुंद बाजू उघडून एक थाप मारली, की खारवलेल्या गोमांसाची लादी सबंध बाहेर. ब्रिटिश सैनिकाचा ‘बुली बीफ’ तो हाच. दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वेच्या फ्रे बेंतोसमधून तो जहाजं भरभरून येई. गॅलिपोलीच्या खंदकांत १९१५ मध्ये जॅमच्या रिकाम्या डब्यांत स्फोटकं आणि लोखंडाचे तुकडे भरून हातबाँब करत, त्यामुळे रिकामा डबाही वाया जात नसे.

हिंदी सैनिकांसाठी गोमांसाचे डबे कामाचे नव्हते. त्यांचा शिधा म्हणजे कणीक, डाळ आणि तूप; फ्रान्सच्या आघाडीवर त्यांच्यासाठी जिवंत बकऱ्या न्याव्या लागत. १९१४ च्या नाताळात राजकन्या मेरीच्या नावाने सैनिकांना पितळी डब्या वाटल्या गेल्या. इतरांना तंबाखू मिळाला, तर बहुतेक हिंदी सैनिकांच्या भेटीत खडीसाखर आणि मसाल्याची डबी होती.

दुसऱ्या महायुद्धात डब्याचा रंगच बदलला. अमेरिकी सैन्याच्या ‘सी रेशन’ या तयार शिध्याचे डबे आधी सोनेरी रोगणाचे होते. ते चमकत, म्हणून पुढे त्यांना मळकट हिरवा रंग चढला. १९४२ मध्ये शिकागोतल्या लष्करी अन्न-प्रयोगशाळेत पी-३८ तयार झालं : डबा उघडायचं दीड इंची, मिटणारं पातं, जे सैनिक ओळखपट्टीच्या साखळीत अडकवून गळ्यात बाळगत. ब्रिटिश सैन्याकडे हाइन्झचा स्वतःच गरम होणारा सूपचा डबा होता. त्याच्या मधोमध नळी आणि नळीत जळणारं रसायन. वात सिगारेटने पेटवली, की काही मिनिटांत सूप वाफाळत असे. त्याआधी झाकणाला दोन भोकं पाडायला विसरलं, तर डबा फुटून कढत सूप अंगावर!

आज बाजारात जुनी लेबलं हुबेहूब छापून मिळतात, म्हणून संग्राहकाने लेबलाआधी पत्रा पाहावा. झाकण रिंग ओढून उघडणारं असेल, तर डबा १९६० च्या आधीचा नाही. उभा जोड वेल्डिंगचा असेल, तर तो त्याहूनही अलीकडचा. पत्र्यावर ठसलेला बाणाचा छाप ब्रिटिश सरकारी मालाची खूण. बाणाखाली इंग्रजी ‘आय’ असेल तर माल हिंदुस्थान सरकारचा.

भरलेला डबा हौसेखातर उघडू नये, आतला पदार्थ चाखायचा तर विचारही नको. फुगलेल्या डब्यात घातक जंतू असू शकतात आणि जुन्या डाखात शिसं असतं, म्हणून हाताळल्यावर हात धुवावेत. लेबल झडलेला, गंजलेला, पण जोड आणि छाप नीट वाचता येणारा रिकामा डबा हीच या छंदातली सर्वांत खात्रीची खरेदी.