शीर्षकगीत: मूळ आणि देशी

१२. फर्दापूर (ता. सोयगाव) हे अजिंठा लेण्यांच्या पायथ्याचे गाव. लेण्यांमुळे जपानी प्रवासी येथे येतात. पण लेखकाच्या पिढीच्या घरांत जपान शिरला तो दूरदर्शनमुळे. निप्पॉन ॲनिमेशनची ‘जंगल बुक’ मालिका (१९८९) भारतात १९९३ मध्ये हिंदीत आली. शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा होता. मूळ जपानी शीर्षकगीताच्या जागी गुलजार यांनी लिहिलेले, विशाल भारद्वाज यांनी संगीत दिलेले नवे गीत आले.

जपानी व्हिडिओ गेममध्येही असे घडले आहे. सेगाच्या ‘सॉनिक सीडी’ला (१९९३) जपानात नाओफुमी हाताया आणि मासाफुमी ओगाता यांचे संगीत होते, अमेरिकी आवृत्तीसाठी स्पेन्सर निल्सन आणि डेव्हिड यंग यांनी ते नव्याने केले, सुरुवातीचे गाणेही बदलले. ‘किंगडम हार्ट्स’साठी (२००२) मात्र उतादा हिकारू यांनी जपानी आणि इंग्रजी अशी दोन्ही गाणी स्वतः लिहिली, स्वतःच गायली.

बदललेले गीत नेहमी दुय्यमच, हे लेखकाचे वरील विधान आम्हांला मान्य नाही. मोगलीचे हिंदी गीत स्वतंत्र, सकस रचना आहे. तिला नक्कल म्हणणे अन्यायाचे होईल.
— संपा.